मृद्गंध आणि मदुरेचा पाय

परभणी जिल्ह्याची ओळख सांगावयाची झाल्यास तेथील मातीपासून आरंभ करावा लागतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली ही काळी कसदार जमीन उन्हाळ्यांत वितीवितीच्या भेगांनीं उकलते आणि मृगाचा पाऊस पडतांच फुगून त्या भेगा आपल्या आपणच मिटवून टाकते. पहिल्या सरीबरोबर त्या जमिनींतून जो वास उठतो त्याचीं वर्णनें आपल्या कवींनीं पुष्कळ केलीं आहेत. परंतु तो वास बव्हंशीं मातीचा नसून मातींत नांदणाऱ्या एका सूक्ष्म सृष्टीचा आहे, ही गोष्ट कवींना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आणि शास्त्रज्ञांनाहि ती फार उशिरां कळली.

ऑस्ट्रेलियांतील बेअर व थॉमस या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं तापलेल्या दगडमातींतून ओल लागतांच सुटणाऱ्या तैलरूप द्रव्याचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्याला ‘पेट्रिकोर’ असें नांव दिलें. आपल्याकडील कनोजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलांत उतरवून त्याचें ‘मिट्टी अत्तर’ पूर्वापार विकीत आले आहेत, याची नोंद त्यांनीं आवर्जून केली होती. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत रट्गर्स येथें नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनीं ओल्या मातीचा म्हणून जो खास वास, त्याचें द्रव्य वेगळें काढलें. त्याला त्यांनीं ‘जिओस्मिन’ म्हणजे भूगंध असें ग्रीक नांव दिलें. हें द्रव्य त्यांना मातींतून मिळालें नाहीं. मातींतील ॲक्टिनोमायसीट नांवाच्या जंतूंच्या काचेंतील लागवडींतून मिळालें. माणसाचें नाक ह्या द्रव्याला इतकें तीक्ष्ण आहे कीं, अब्जांश नव्हे तर त्याच्याहि शतांशाइतका त्याचा अंश पाण्यांत असला तरी तें ओळखतें.

ह्या जंतूंच्या कुलाला आपण मराठींत ‘किरणकवक’ म्हणूं, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोच आहे. १८७७ सालीं हार्ट्झ यानें गुरांच्या सुजलेल्या जबड्यांतील पुवांत किरणांसारखे पसरलेले तंतु पाहून हें नांव पाडलें. तंतु दिसले म्हणून बुरशी समजली, आणि नांव कवकाचें पडलें. वस्तुतः हे बुरशी नव्हेत, जिवाणु आहेत. बुरशीच्या धाग्याहून ह्यांचा धागा कित्येक पटींनीं बारीक, सुमारें एक सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असतो, आणि बुरशीच्या पेशींत असते तशी वेगळी केंद्रिका ह्यांच्या पेशींत नसते. सुपीक जमिनीच्या एका ग्रॅममध्यें हे लक्षावधि आढळतात. पाचोळा, कापसाच्या पऱ्हाट्या, मेलेल्या किड्यांचीं कवचें, अशीं जीं द्रव्यें इतरांस पचत नाहींत तीं कुजवून पुनः जमिनीस परत करणें, हें त्यांचें नित्याचें काम. उकिरड्यावरील शेणखत मुरलें कीं त्यावर जी पांढुरकी राखेसारखी छटा येते, तींत ह्यांचा वांटा मोठा असतो.

ह्याच कुलांतील कांहीं व्यक्तींनीं माणसांचे पाय कुजविले आणि कांहींनीं क्षयरोग्यांना मरणाच्या दारांतून परत आणलें. ह्या दोन्ही गोष्टींच्या इतिहासाशीं आमच्या महाराष्ट्राचा बराच जवळचा संबंध आलेला आहे. पण तो एकत्र मांडलेला फारसा आढळत नाहीं.

अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळव्यांत बाभळीचा किंवा बोरीचा कांटा मोडणें ही आमच्या खेड्यांत इतकी नित्याची बाब कीं, गुराख्याच्या करदोट्याला कांटा काढण्याचा लहान चिमटा बांधलेलाच असे. कांटा निघाला, जागेवर बिब्ब्याचा चटका दिला, कीं तो विषय संपला. बहुधा तो खरोखरच संपतो. परंतु क्वचित् एखाद्याच्या तळव्यांत कांट्याबरोबर गेलेला मातीचा कण आपल्याबरोबर एक बिऱ्हाडकरू नेतो. महिने लोटतात, कधीं वर्षेंहि लोटतात. माणूस कांटा विसरून जातो. मग त्या जागीं एक टणक गांठ येते. ती दुखत नाहीं, आणि न दुखण्यांतच सारा घात आहे. जी गांठ दुखत नाहीं तिच्यासाठीं पेरणी सोडून तालुक्याच्या गांवीं कोण जाणार? गांठीशेजारीं दुसरी गांठ येते, पाऊल जाड होतें, कातडीला बारीक तोंडें पडून त्यांतून पू वाहूं लागतो, आणि त्या पुवांत खसखशीएवढे दाणे दिसूं लागतात: कोणाच्या पायांतून काळे, कोणाच्या पायांतून पिवळट पांढरे, तर कोणाच्या तांबडे. शेवटीं हाडें पोखरलीं जातात. वीस ते चाळीस ह्या वयांतील, म्हणजे ज्यांच्या पायांवर घर उभें असतें असेच पुरुष ह्या रोगानें अधिक पछाडले जातात.

सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणांत ‘वल्मीक’ नांवाचा एक रोग वर्णिला आहे. वारुळासारखी वाढणारी व अनेक मुखांनीं स्रवणारी ती ग्रंथि तळव्यावरहि येते असें तेथें सांगितलें आहे. कांहीं अभ्यासकांनीं तीच ही व्याधि असें मानलें. वर्णन जुळतें यांत शंका नाहीं. तथापि दाण्यांचा उल्लेख असल्यावांचून निश्चित निर्णय देणें आम्हांस धाडसाचें वाटतें. प्राचीनांचा गौरव करावयाचा तो त्यांनीं जें पाहिलें त्याबद्दल करावा. आपण जें पाहिलें तें त्यांच्या पदरीं बांधून करूं नये.

अर्वाचीन काळांत ह्या रोगाची पहिली ठळक नोंद दक्षिणेंतील मदुरा येथील दवाखान्याच्या वृत्तांतांत १८४२ सालीं गिल नांवाच्या डॉक्टरांनीं केली, आणि तेव्हांपासून ‘मदुरेचा पाय’ हें नांव रूढ झालें. मदुरेच्या लोकांवर हा थोडा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण राजपुतान्यापासून सुदानापर्यंत आणि सेनेगालपासून मेक्सिकोपर्यंत हा रोग आढळतो. परंतु ह्या रोगाचा खरा अभ्यास झाला तो मुंबईस, आणि तो करणारा मनुष्य मोठा विलक्षण होता.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचें नांव आपल्या इकडे फारसें कोणी घेत नाहीं. ग्रे यांचें शरीररचनाशास्त्रावरील जगप्रसिद्ध पुस्तक १८५८ सालीं लंडनमध्यें निघालें. त्यांतील सर्व चित्रें कार्टरांच्या हातचीं. त्या चित्रांवांचून तें पुस्तक इतकीं वर्षें टिकलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं; पण पुस्तकाला नांव राहिलें तें एकट्या ग्रे यांचें. तें बाहेर पडलें तेव्हां कार्टर लंडनांत नव्हतेच. ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरींत शिरून मुंबईस येऊन पोहोंचले होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीरशास्त्र शिकवूं लागले होते. शेजारींच जमशेटजी जिजीभाई रुग्णालय. तेथें कापून काढलेले पाय त्यांच्या हातीं येऊं लागले. शरीररचना रेखाटण्यांत मुरलेला त्यांचा डोळा ते पाय चिरून पाहूं लागला, आणि हाडांच्या पोकळ्यांत भरलेले दाणे त्यानें टिपून घेतले. कांहींचे दाणे बंदुकीच्या दारूसारखे काळे, कांहींचे माशांच्या अंड्यांसारखे फिकट. हा एक रोग नसून ह्याचे दोन प्रकार आहेत, हें त्यांनीं ओळखलें. १८६० पासून ते ह्या विषयावर लिहूं लागले. हे दाणे म्हणजे शरीरांत वाढणारी एक प्रकारची बुरशी होय असें त्यांनीं ठासून सांगितलें व रोगाला ‘मायसेटोमा’ म्हणजे कवकाची गांठ हें नांव दिलें. तेंच आज सर्व जगांत चालतें.

ह्या कालाचें महत्त्व ध्यानीं घ्यावयास हवें. रोग सूक्ष्म जीवांपासून होतात हें मत तेव्हां प्रस्थापित झालेलें नव्हतें. कॉखनें काळपुळीच्या जंतूचें जीवनचरित्र उलगडलें तें १८७६ सालीं, म्हणजे कार्टरांच्या पहिल्या लेखानंतर सोळा वर्षांनीं. मुंबईच्या शवागारांत बसून एक शिक्षक मातींतील सजीवामुळें पाय कुजतो असें म्हणत होता, तेव्हां युरोपांतील मोठमोठे वैद्य दूषित हवेच्या उपपत्तीवर समाधान मानीत होते.

अर्थात् त्यांची वाट सरळ नव्हती. बाटलींत राखलेल्या एका पायावर कांहीं दिवसांनीं तांबूस बुरशी उगवली. इंग्लंडांतील प्रसिद्ध कवकशास्त्रज्ञ बर्कली यांनीं तिला कार्टरांच्याच नांवावरून नांव दिलें. पुढें ती बाहेरून आलेली उपटसुंभ बुरशी निघाली. रोगाशीं तिचा कांहीं एक संबंध नव्हता. १८७५ सालीं कलकत्त्याच्या लुइस व कनिंगहॅम ह्या मातब्बर जोडीनें तर बुरशीची सबंध उपपत्तीच संशयास्पद ठरविली. मधल्या काळांत, म्हणजे १८६३ पासून १८७२ पर्यंत, कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. तेथून परतल्यावर त्यांनीं १८७४ सालीं आपला सचित्र ग्रंथ लंडनांत छापविला. पुढें १८७७ च्या दुष्काळांत मुंबईस पुनरावर्ती ज्वराची साथ आली तेव्हां रोग्यांच्या रक्तांतील मळसूत्री जंतु त्यांनीं दाखवून दिले, आणि तो ज्वर स्वतःहि भोगला. असा हा मनुष्य १८८८ सालीं निवृत्त होऊन स्वदेशीं गेला व १८९७ सालीं वारला. मुंबईस प्लेगानें तेव्हां थैमान घातलें होतें. कार्टरांची आठवण कोणास असणार?

त्यांच्या दोन प्रकारांचें कोडें सुटलें तें १८९४ सालीं. अल्जीरियांत काम करणाऱ्या व्हँसाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें फिकट दाण्यांतील तंतु लागवडींत वाढवून त्यांचें कूळ ठरविलें. त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत बॉइस व सर्वेयर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, ह्यांतील एन्. एफ्. सर्वेयर हे मुंबईचे पारशी डॉक्टर होत. ह्या रोगाच्या मुळाशीं एकाहून अधिक सजीव आहेत, हें त्यांनीं सप्रमाण मांडलें. पुढील संशोधनानें चित्र स्पष्ट झालें: काळा दाणा खऱ्या बुरशीचा, पांढरा पिवळट व तांबडा दाणा बहुतेक किरणकवकांचा. म्हणजे कार्टरांनीं एका रोगाचे दोन प्रकार म्हणून जे वर्णिले ते जीवसृष्टीच्या दोन वेगळ्या शाखांनीं केलेले दोन रोग होते, आणि बाहेरून मात्र पाऊल एकच दिसत होतें. हा भेद नुसता पंडितांचा नव्हे. उपचार सर्वस्वीं त्यावर अवलंबून आहे. परंतु १८९४ सालीं उपचार एकच होता, आणि तो करवतीचा.

आतां आपण ह्या कुळाच्या दुसऱ्या घरीं जाऊं.

सेल्मन वॅक्समन हा युक्रेनमधील एका खेड्यांत १८८८ सालीं जन्मलेला ज्यू तरुण अमेरिकेंत जाऊन रट्गर्सच्या कृषि महाविद्यालयांत शिकला, आणि तेथेंच मातींतील जंतूंचा प्राध्यापक झाला. वैद्यकाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. शेतांतील मातीचे थर खणावे, त्यांतील किरणकवक वेगळे करावे, त्यांची नांवनिशी ठेवावी, हा त्याचा उद्योग. १९१६ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें वर्णिलेल्या जातींत ‘ग्रिसिअस’ म्हणजे करडी ही एक जात होती. तिच्याकडे पुढें पाव शतक कोणी वळून पाहिलें नाहीं. १९३९ नंतर मात्र वॅक्समनच्या मनानें एक गोष्ट घेतली: मातींत पुरलेल्या प्रेताबरोबर रोगजंतु जातात, पण ते तेथें फार काळ टिकत नाहींत, तेव्हां त्यांना मारणारें कांहींतरी मातींत असलेंच पाहिजे. पहिलीं दोन द्रव्यें सांपडलीं तीं विषारी निघालीं. १९४३ च्या ऑक्टोबरांत आल्बर्ट शाट्झ ह्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें तळघरांतील प्रयोगशाळेंत त्याच करड्या जातीचे दोन वाण वेगळे काढले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतांतील मातींतून, दुसरा कोंबडीच्या घशांतून. त्यांच्यापासून स्ट्रेप्टोमायसिन निघालें. पेनिसिलिनला दाद न देणारा क्षयाचा जंतु ह्या द्रव्यापुढें नमला.

श्रेयाचा झगडा येथेंहि चुकला नाहीं. शाट्झनें गुरूवर फिर्याद लावली; १९५० सालीं तडजोड होऊन तो सहसंशोधक ठरला व स्वामित्वधनांतील लहानसा वांटा त्यास मिळाला; तरी १९५२ चें नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समनला गेलें. पहिल्या निबंधावर शाट्झच्या जोडीला जिचें नांव आहे त्या एलिझाबेथ ब्यूगीला तर कोणी विचारलेंहि नाहीं. कार्टर आणि शाट्झ यांचीं नशिबें ह्या एका बाबतींत सारखींच होतीं.

त्यानंतर दहा-पंधरा वर्षें जगाची माती चाळण्याची जणूं स्पर्धाच लागली. व्हेनेझुएलाच्या मातींतून क्लोरॅम्फेनिकॉल निघालें, अमेरिकेच्या मिसूरी प्रांतांतील एका जुन्या प्रयोगशेतांतून ऑरिओमायसिन, बोर्निओच्या अरण्यांतून व्हॅन्कोमायसिन, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळून रिफामायसिन. निसर्गापासून मिळालेल्या प्रतिजैविकांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश ह्या एका किरणकवक-कुळानें दिलीं आहेत. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन त्यांचेंच, आणि जपानच्या सातोशी ओमुरा यांस ज्यामुळें २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें कृमिघ्न औषधहि त्यांचेंच.

ह्या स्पर्धेंत आमचीहि माती मागें राहिली नाहीं. पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान ॲन्टिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधि यांचें साहाय्य त्यास होतें. १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें, पुढें स्ट्रेप्टोमायसिनहि. परंतु कारखान्याची खरी कौतुकाची गोष्ट ती नव्हे. एम्. जे. तिरुमलाचार ह्या कवकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं तेथील मंडळींनीं आसपासची माती तपासून एक नवा किरणकवक शोधला व त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रीना’ असें नांव दिलें. लॅटिन नांवांच्या जंजाळांत पिंपरी हें मराठी गांव असें जाऊन बसलें. त्याच्यापासून १९६१ च्या सुमारास बुरशीरोगांवरील ‘हॅमायसिन’ निघालें. नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें कारखान्याचीं. पिकांवरील बुरशीसाठीं ऑरिओफंजिनहि तेथेंच जन्मलें. परदेशांतून बाटल्या आणून त्यांवर चिठ्ठी चिकटविणें आणि आपल्या पायांखालच्या मातींतून औषध काढणें, यांतील अंतर ज्यांस कळतें त्यांनीं हीं नांवें विसरूं नयेत.

आतां मदुरेच्या पायाकडे परत येऊं; कारण ह्या दोन कथा येथें एकमेकींस भेटतात. फिकट दाणा किरणकवकाचा, म्हणजे जिवाणूचा, हें एकदां ठरल्यावर त्यावर जिवाणूनाशक औषध चालावयास हवें हें ओघानेंच आलें. सुदानांतील खार्टूम येथें एल् शेख महगूब यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही गोष्ट पद्धतशीर सिद्ध केली: स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया आणि जोडीस डॅप्सोन किंवा को-ट्रायमोक्सॅझोल, असा महिनेन् महिने चालणारा उपचार केला असतां पाऊल वांचतें. पुढें मेक्सिकोमध्यें ॲमिकासिन वापरूं लागले. तेंहि मूळ एका किरणकवकाच्याच देणगीपासून बनविलेलें. सोमालियाच्या नांवानें ओळखला जाणारा जो स्ट्रेप्टोमायसिस पायांत पिवळे दाणे करतो, त्याच्यावर चालविलेलें हत्यार त्याच्याच सख्ख्या भावानें घडविलेलें आहे. कांट्यानें कांटा काढावा ही म्हण आपण सहज वापरतों. येथें कांट्यापासून निघालेली कथा अक्षरशः तशीच शेवटास गेली.

आणखी एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. व्हँसाँनें शोधलेल्या फिकट दाण्याच्या जंतूचें वर्गीकरण दीर्घकाल लोंबकळत होतें. १९७० सालीं त्याच्यासाठीं ‘ॲक्टिनोमदुरा’ हें नवें गोत्र निर्माण करणाऱ्या पतिपत्नींतील पति म्हणजे तेच ह्यूबर्ट लेशेव्हालिए, ज्यांनीं पांच वर्षांपूर्वीं भूगंधाला नांव दिलें होतें. पावसाचा वास आणि मदुरेचा पाय ह्या दोहोंच्या बारशाला एकच मनुष्य हजर होता! त्याच नव्या गोत्रांतील दुसऱ्या एका जातीपासून मदुरामायसिन नांवाचें औषध निघतें व तें कोंबड्यांच्या रोगावर खाद्यांतून देतात.

परंतु ह्यावरून मातीनें आमच्यावर केवळ कृपाच केली असा समज होऊं नये. स्ट्रेप्टोमायसिन कानाच्या आंतल्या इंद्रियास अपाय करतें. तोल जातो, कित्येकांस कायमचें बहिरेपण येतें. आणि दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळानें क्षयाच्या १०७ रोग्यांवर ह्या औषधाची जी काटेकोर परीक्षा घेतली तिचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ मेले, व नुसती विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. फरक डोळ्यांत भरणारा होता. पण पांच वर्षांनीं पाहतां तो फरक बहुतेक पुसून गेला. कारण उपचाराच्या आरंभींच्या महिन्यांतच कित्येकांच्या फुप्फुसांतील जंतु त्या औषधाला सरावले होते. म्हणून पुढें दोन-तीन औषधें एकदम देण्याची रीत पडली.

हा सराव जंतु कोठून शिकले? जो किरणकवक विष तयार करतो त्यानें त्या विषानें स्वतः मरूं नये म्हणून त्याचा उताराहि बाळगलेला असतो. १९७३ सालीं बेन्व्हनिस्ते व डेव्हिस यांनीं दाखविलें कीं, रुग्णालयांतील निर्ढावलेले जंतु जीं किण्वें वापरून औषध निकामी करतात, तशींच किण्वें मातींतील स्ट्रेप्टोमायसिसांपाशीं आहेत. म्हणजे औषध आणि त्या औषधाचा पराभव, हीं दोन्हीं एकाच कोठारांत माणसाच्या जन्मापूर्वींपासून शेजारींशेजारीं ठेवलेलीं होतीं. आपण कोठाराचें दार उघडलें आणि एकच वस्तु बाहेर येईल असें धरून चाललों.

परभणीस १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालेलें मराठवाडा कृषि विद्यापीठ, २०१३ पासून ज्याला वसंतराव नाईक यांचें नांव आहे, तें मातींतील जंतु बाटल्यांत व पुड्यांत भरून शेतकऱ्यांस देत असतें. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या बियाण्यास चोळण्याचें रायझोबियम सर्वांच्या परिचयाचें आहे. अलीकडे ‘बायोमिक्स’ नांवाचें उपयुक्त बुरशी व जिवाणु यांचें मिश्रण हळदीच्या व इतर पिकांच्या मुळांशीं घालण्याचा प्रघात मराठवाड्यांत चांगलाच पडला आहे. अशा मिश्रणांत मुळांचें रक्षण करणारा स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स असतो. त्याचाच आप्त स्यूडोमोनास एरुजिनोजा भाजलेल्या माणसाच्या जखमेंत शिरून त्याचा जीव घेतो, आणि तोहि मातींतलाच. २००२ सालीं परवानगी मिळाल्यापासून ह्या जिल्ह्यांत जो बीटी कापूस पसरला, त्याचें अळीमारक जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिसचें. त्याचे निकटचे भाऊबंद म्हणजे शिळ्या भातांत वाढून ओकाऱ्या करविणारा बॅसिलस सीरिअस आणि गुरांना व माणसांना मारणारा काळपुळीचा जंतु. ह्या तिघांमधील भेद बऱ्याच अंशीं मुख्य गुणसूत्राबाहेरच्या लहानशा वर्तुळाकार सूत्रांवर लिहिलेला असतो. एकाची सोबत मागावी आणि दुसऱ्याला देशोधडीस लावावें, अशी सोय मातींत नाहीं. म्हणून असलें मिश्रण हाताळतांना हातावर उघडी जखम असूं नये, वापरानंतर हात धुवावे, ही पुडीवरील सूचना कोणीहि औपचारिक समजूं नये.

जागतिक आरोग्य परिषदेनें मायसेटोमास उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादींत घेतलें तें २०१६ सालीं. कार्टरांच्या पहिल्या लेखानंतर तब्बल दीड शतकांहून अधिक कालानें. इतका उशीर कां लागला याचें उत्तर रोगाच्या दुर्बोधतेंत शोधण्याचें कारण नाहीं. निदान कठीण नाहीं; जखमेंतील दाणा चिरडून, योग्य रंग देऊन, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर तंतु जाड कीं बारीक, म्हणजे बुरशी कीं किरणकवक, हें बहुधा कळतें. बारीक तंतूंचा रोग औषधांनीं बरा होण्याची आशा चांगली असते. जाड तंतूंच्या रोगास औषध दीर्घकाल द्यावें लागतें व अद्यापहि पुष्कळदां शस्त्र धरावें लागतें. पण दाणा पाहणाऱ्यापर्यंत पाऊल पोहोंचावें कसें? हा रोग हवेंतून पसरत नाहीं, शेजाऱ्यास होत नाहीं, शहरास भिववीत नाहीं. तो ज्याला होतो त्याचें वजन सरकारदरबारीं नसतें, आणि तो स्वतः न दुखणाऱ्या गांठीला रोग मानीत नाहीं.

पायांत वहाण असावी हा सल्ला प्रत्येक डॉक्टर देतो, व तो योग्यच आहे; उन्हाळ्यांत बांधावरून, गाडीवाटेनें जातांना तो पाळलाहि जातो. पेरणीच्या दिवसांत मात्र ती ओली काळी माती वहाणेला शेर-शेर चिकटते, चार पावलें टाकतांच पाय उचलेनासा होतो, आणि तिफणीमागें चालणारा मनुष्य वहाणा काढून बांधावरच्या बाभळीखालीं ठेवून देतो.